बोटांचा हिशोब : सरकत्या टेबलाच्या करवतीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या दिवशी पुण्याजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात जाण्याचा योग आला. कारखाना लहानच, सात-आठ माणसांचा. भुसा झाडून झाला होता, यंत्रे पुसून घेतली होती आणि मधोमध उभ्या असलेल्या मोठ्या करवतीला झेंडूची माळ घालण्याची तयारी चालली होती. कारखान्यातली मंडळी या यंत्राला ‘पॅनेल सॉ’ म्हणतात. टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते आणि त्याच्या डाव्या बाजूला रुळावरून पुढे-मागे सरकणारा तीन मीटर लांबीचा गाडा, अशी तिची रचना. फळी गाड्यावर ठेवायची, घट्ट धरायची आणि गाडा पुढे ढकलायचा.

करवतीखालचा खण साफ करताना नव्याने कामाला लागलेल्या मुलाला एक पोलादी पाती सापडली. वीतभर लांब, चंद्रकोरीसारखी वाकलेली, खाली बोल्टासाठी खाच. “काका, हे कशाचं आहे?” त्याने विचारले. मिस्त्रींनी एकदा वळून पाहिले आणि म्हणाले, “मशीनबरोबर आलं होतं. मध्ये मध्ये येतं, म्हणून काढून ठेवलंय.” मिस्त्रींच्या डाव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपलेली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे त्या दिवशी तिथे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

त्या पातीचे नाव ‘रायव्हिंग नाइफ’. तिचा माग काढायला निघालो तेव्हा तिच्यामागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उभा असल्याचे दिसले. त्यात आरमार आहे, विमा आहे, कायदे आणि खटले आहेत. हा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कामगाराचे बोट वाचवण्यासाठी जी साधने निघाली, त्यांपैकी कामात अडथळा आणणारी साधने काढून ठेवली गेली. ज्यांनी काम अधिक अचूक केले, ती मात्र टिकली.

दोन माणसांची करवत

यंत्र येण्यापूर्वी लाकडाचे ओंडके फाडण्याची पद्धत जगभर जवळपास सारखीच होती. ओंडका उंच घोड्यांवर किंवा खड्ड्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा. एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली. लांब करवत दोघांनी आळीपाळीने ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा आणि दोघांच्याही पाठी मोडायच्या. काम संथ होते, पण त्यात एक अंगभूत संरक्षण होते. हात थांबला की करवत थांबे.

गोल करवतीने हे संरक्षण संपवले. ती नेमकी कोणी शोधली यावर एकमत नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरला १७७७ मध्ये पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचे पेटंट मिळाले. त्या पेटंटात गोल पात्याचा उल्लेख आहे, पण तो इतका सहज येतो की ही वस्तू आधीपासून माहीत असावी असे वाटते. अमेरिकेत टॅबिथा बॅबिट या शेकर पंथीय स्त्रीला तिचे श्रेय देण्याची प्रथा आहे. मात्र तिचा काळ १८१० नंतरचा मानला जातो, म्हणजे मिलरनंतर तीन दशकांहून अधिक.

गोल करवतीला खरे मोठे काम मिळाले ते ब्रिटिश आरमारात. शिडांच्या जहाजाला दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागत. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागायच्या. साउदॅम्प्टनच्या वॉल्टर टेलरने या कप्प्या बनवण्यासाठी गोल करवती वापरल्या. पुढे सॅम्युअल बेंथमच्या पुढाकाराने पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉड्स्लेने घडवलेली यंत्रमालिका उभी राहिली. १८०८ पर्यंत तिथून वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या बाहेर पडू लागल्या. पूर्वी ११० कारागीर करत तेवढे काम १० माणसे करू लागली, असे तेव्हापासून सांगितले जाते.

त्याच सुमारास, १८१० मध्ये, मुंबईच्या गोदीत जमशेदजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानाची एक ७४ तोफांची नौका पाण्यात उतरली. तिची लाकडे हातकरवतीने आणि वाकसाने घडवलेली होती. १७५९ मध्ये जर्मनीतील एका गावाजवळ ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रसैन्याने फ्रेंचांचा पराभव केला होता. त्या विजयाची आठवण म्हणून नौकेचे नाव ठेवले ‘मिंडेन’. हे गाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

१८८४ : बर्लिन आणि मुंबई

गोल करवतीचा धोका समजून घ्यायला थोडे गणित पुरते. आजच्या करवतीचे ३०० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेते. एका फेऱ्यात त्याचा दात सुमारे ९४ सेंटिमीटर अंतर तोडतो. म्हणजे दाताचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, ताशी सव्वादोनशे किलोमीटर. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत शेकडो दात पुढे गेलेले असतात. एकोणिसाव्या शतकात पाती अधिक मोठी आणि फेरे कमी होते. पण सारी यंत्रे छतालगतच्या एका फिरत्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी चालत, त्यामुळे आपल्यापुरते यंत्र चटकन थांबवणे कठीण जाई.

ब्रिटनच्या १८४४ च्या कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती आणली, पण ती कापडगिरण्यांपुरती. सुतारशाळा त्यातून सुटल्या. अपघात झाला तर दोष कामगाराचा, असाच समज होता. नुकसान मागायचे तर मालकाची चूक न्यायालयात सिद्ध करावी लागे.

हे चित्र बदलणारा कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, जुलै १८८४ मध्ये झाला. अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न विचारता जखमी कामगाराला भरपाई द्यायची आणि तिचा खर्च त्या त्या धंद्यातल्या मालकांनी एकत्र येऊन सोसायचा, अशी व्यवस्था ठरली. त्यासाठी धंदेवार विमासंघ उभे राहिले, लाकूडकामाचाही. भरपाई स्वतःच्या खिशातून जाऊ लागताच अपघात टाळणे हे मालकांच्या फायद्याचे झाले. विमासंघांनी नियम लिहिले, निरीक्षक नेमले, कोणते संरक्षक साधन उपयोगी पडते हे तपासायला सुरुवात केली.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातली साप्ताहिक सुट्टीची मागणी आपल्या लक्षात आहे, कारण ती पुढे मान्य झाली. दुसरी एक मागणी फारशी आठवली जात नाही. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. बर्लिनमध्ये त्या वर्षी कायदा झाला. मुंबईत त्या वर्षी मागणी झाली. तिला कायद्याचे रूप मिळायला १९२३ साल उजाडावे लागले.

पात्यामागची सुरी

आता खणात सापडलेल्या चंद्रकोरीकडे येऊ. गोल करवतीचा अपघात म्हटला की बोट सरळ पात्यावर गेले असेल, असे आपण समजतो. तसे होतेच. पण अनेक अपघातांची सुरुवात लाकडापासून होते.

टेबलातून वर आलेल्या पात्याचे पुढचे दात खाली जात असतात. ते लाकूड टेबलावर दाबतात आणि कापतात. मागचे दात वर येत असतात. त्यांचे काम तोवर संपलेले असते, ते चिरेतून नुसते बाहेर पडतात. मात्र कापलेले लाकूड थोडे जरी तिरके झाले, किंवा आतला ताण सुटून चीर मिटू लागली, तर मागचे दात लाकडाला धरतात, उचलतात आणि कापणाऱ्याच्या दिशेने फेकतात. यालाच ‘किकबॅक’ म्हणतात. फळी छातीवर किंवा पोटावर येते. त्याहून वाईट म्हणजे ती हाताखालून निसटते, आणि ज्या हाताने तिला ढकलत होतो तो हात तोल जाऊन पात्यावर पडतो.

रायव्हिंग नाइफ पात्याच्या अगदी मागे, चिरेच्या ओळीत उभी राहते. तिची जाडी पात्याच्या अंगापेक्षा किंचित जास्त आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित कमी असते. चीर मिटू लागली की लाकूड तिच्यावर टेकते, दातांवर नाही. फळी तिरकी होऊ लागली तरी ही पाती आड येते. तिला धार नसते आणि ती हलतही नाही.

ब्रिटनने १९२२ मध्ये लाकूडकाम यंत्रांसाठी स्वतंत्र नियमावली केली. पात्यावर आच्छादन आणि पात्यामागे रायव्हिंग नाइफ असलीच पाहिजे, तिच्यात आणि दातांमध्ये टेबलाच्या पातळीवर अर्ध्या इंचाहून जास्त अंतर असता कामा नये, असे त्यात लिहिले होते. हाताने लाकूड सरकवायच्या प्रत्येक करवतीपाशी ढकलण्याची काठी ठेवलेली असावी, हेही लिहिले होते. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याखालील राज्यांच्या नियमांत, महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांतही, लाकूडकामाच्या यंत्रांसाठी अशाच तरतुदी आल्या.

अमेरिकेत मात्र दुसरी रचना रूढ झाली. तिथे पात्यामागची पट्टी आच्छादनाला जोडलेली आणि उंचीला पक्की असे. पूर्ण आरपार न कापता फळीत नुसती खाच पाडायची असेल, तर पट्टी आणि आच्छादन दोन्ही काढावे लागे. एकदा काढले की ते बहुधा कपाटातच राही. पात्याबरोबर वर-खाली होणारी खरी रायव्हिंग नाइफ नव्या अमेरिकी करवतींना सक्तीची झाली ती २००८ च्या सुमारास. मधल्या काळात तिथल्या अपघातांच्या पाहणीत दिसले की बहुसंख्य जखमींच्या यंत्रावर अपघाताच्या वेळी आच्छादन नव्हते. ते यंत्राबरोबर आले होते, मध्ये मध्ये येत होते, म्हणून काढून ठेवले होते. पुण्याजवळच्या मिस्त्रींचे उत्तर आणि अमेरिकेतल्या हजारो सुतारांचे उत्तर एकच होते.

विल्हेल्म आल्टेनडॉर्फचा गाडा

सरकत्या टेबलाची करवत या कथेत १९०६ मध्ये येते. बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फ नावाच्या सुताराला रोजच्या कामातली एक अडचण छळत होती. ओंडक्यातून निघालेल्या फळीची एकही कड सरळ नसते. तिच्यावर साल असते, वाक असतो. साध्या टेबल करवतीवर फळी फेन्सला, म्हणजे पात्याला समांतर बसवलेल्या आधारपट्टीला, टेकवून ढकलावी लागते. जी कड फेन्सला टेकवायची तीच वाकडी असेल तर फळी डुलते, चीर वाकडी जाते, आणि आपण पाहिले तसे मागचे दात तिला धरतात.

आल्टेनडॉर्फने उपाय केला तो असा. फळीने टेबलावरून घसरायचे नाही. फळीला गाड्यावर पक्के बसवायचे आणि गाड्यानेच सरळ रेषेत पात्याजवळून जायचे. मग फळीची कड कशीही असो, चीर गाड्याच्या रुळाइतकी सरळ येते. एक कड सरळ झाली की ती फेन्सला लावून दुसरी कड समांतर कापता येते. गाड्याच्या पुढच्या टोकाला लावायचा, फळीचे तोंड पकडून धरणारा लोखंडी बूट जर्मन सुतारशाळांत आजही शिकाऊ मुलाला सुरुवातीलाच दाखवतात.

पहिल्या महायुद्धानंतर आल्टेनडॉर्फचा उद्योग बर्लिनहून वेस्टफालियातील मिंडेन या गावी स्थिरावला. मुंबईच्या सुतारांनी हातकरवतीने बांधलेल्या त्या सागवानी नौकेला ज्या गावाचे नाव मिळाले होते, तेच हे गाव. योगायोगापलीकडे त्यात काही नाही. पण लाकूड कापण्याच्या इतिहासाची दोन टोके एका नावात यावीत, याची गंमत वाटते.

गाड्याचा हेतू अचूकपणा हाच होता. त्याच्याबरोबर सुरक्षितता आपोआप आली. साध्या टेबल करवतीवर माणूस पात्याच्या समोर, फळी फेकली जाते त्याच रेषेत उभा असतो आणि त्याचे हात फळीबरोबर पात्याकडे सरकत जातात. गाड्याच्या करवतीवर माणूस पात्याच्या डाव्या बाजूला, गाड्याच्या मागे उभा राहतो. हात गाड्यावर किंवा पकडीच्या दांड्यावर असतात आणि पात्याला समांतर जातात. तो सावध असो वा नसो, त्याची उभे राहण्याची जागाच बदलून गेली. मात्र हे गाड्यावरच्या कापणीपुरते खरे. त्याच यंत्रावर फेन्सला टेकवून अरुंद पट्ट्या कापताना हात पुन्हा पात्यालगत येतात, आणि तिथे काठी, आच्छादन आणि रायव्हिंग नाइफ यांची गरज पूर्वीइतकीच राहते.

भुशाचे बोर्ड आणि दुसरे पाते

हे यंत्र जगभर पसरण्याचे कारण लाकडाच्या टंचाईत आहे. माक्स हिमेलहेबर या जर्मन अभियंत्याने १९३२ मध्ये लाकडाच्या चुऱ्याला डिंकात दाबून फळ्या करण्याची कल्पना मांडली. १९४१ मध्ये ब्रेमेनमध्ये असे पार्टिकल बोर्ड कारखान्यात तयार होऊ लागले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपाला घरे आणि घरांना कपाटे हवी होती, पण जुनी लाकडे नव्हती. बोर्डाने ती गरज भागवली. पुढे त्याच्यावर गुळगुळीत, रंगीत थर बसू लागला.

या बोर्डांनी सुताराचे काम दोन प्रकारे बदलले. एक म्हणजे आकार. आपल्याकडची प्लायवुडची पाटी आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. एवढी पाटी हाताने समतोल ढकलणे एका माणसाला अवघड. तिच्यासाठी गाडा लांब झाला, त्याला आडवा आधार आला. दुसरे म्हणजे कडा. पूर्वी रंधा मारून कड साफ करता येई. थर चढवलेल्या बोर्डाची करवतीवरून आलेली कड हीच शेवटची कड असते, तिला फक्त पट्टी चिकटवायची असते.

इथे पात्याचा स्वभाव आड आला. पुढचे दात वरून खाली जात असल्यामुळे बोर्डाची वरची बाजू स्वच्छ कापली जाते, पण दात खालच्या थरातून बाहेर पडताना त्याचे टवके उडवतात. उपाय म्हणून मुख्य पात्याच्या पुढे एक छोटे पाते बसवले गेले. त्याला स्कोअरिंग ब्लेड म्हणतात. ते उलट्या दिशेने फिरते, टेबलाच्या वर जेमतेम एक-दोन मिलिमीटर येते आणि बोर्डाच्या खालच्या थरात आधीच खाच पाडून ठेवते. मागून येणारे मोठे पाते त्याच खाचेतून बाहेर पडते. दोन्ही पाती एका ओळीत नसतील किंवा त्यांच्या चिरेची रुंदी जुळत नसेल, तर कडेला पायरी येते किंवा टवके उडतात. अनुभवी कारागीर नवी पाती चढवली की आधी टाकाऊ तुकडा कापून त्याची खालची कड नखाने चाचपतो.

पाच कापांची परीक्षा

अचूकतेची एक कसोटी या यंत्राबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गाड्यावर आडवी बसवलेली फेन्स पात्याशी खरोखर काटकोनात आहे का, हे गुण्याने पाहून पूर्ण कळत नाही. गुण्या लहान असतो आणि चूक लांबीबरोबर वाढते. म्हणून बोर्डाचा एक मोठा चौरस घेतात. त्याची एक कड कापतात. कापलेली कड फेन्सला लावून दुसरी कापतात. असे चारही बाजूंना करून पाचव्यांदा पहिल्याच बाजूची एक पट्टी कापून घेतात. प्रत्येक वळणाला कोनातली चूक जमत जाते आणि पाचव्या पट्टीत ती चौपट होऊन येते. पट्टीची दोन्ही टोके कॅलिपरने मोजायची. एक मीटर लांब पट्टीच्या टोकांत ०.४ मिलिमीटरचा फरक आला, तर यंत्राची चूक मीटरमागे ०.१ मिलिमीटर आहे.

ही परीक्षा कपाटाचे दार नीट लागावे म्हणून करतात. तरी तिचा बोटांशी संबंध आहे. गाड्याचा रूळ आणि पाते यांची दिशा जुळत नसेल, तर फळी मागच्या दातांकडे ढकलली जाते. कडेवर करपल्याचा डाग दिसतो, दातांच्या आडव्या खुणा उमटतात, कापताना गाडा जड जातो. हे सारे किकबॅकचे पूर्वचिन्ह. म्हणून जाणकार गाड्याची दिशा अशी बसवतात की फळी मागच्या दातांपासून केसभर दूर जावी. कडेवर डाग पडू लागले की समजणारा माणूस यंत्र थांबवतो. न समजणारा जोर लावतो.

फेन्सच्या बाबतीतही तेच. गाड्यावर लांब फळीचे आडवे तुकडे पाडताना उजवीकडची फेन्स माप घेण्यासाठी वापरली आणि ती पात्याच्या पलीकडेपर्यंत पुढे राहू दिली, तर कापलेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यात अडकतो आणि उडतो. फेन्स मागे खेचून तिचे टोक पात्याच्या अलीकडेच संपवायचे, म्हणजे तुकडा कापताक्षणी मोकळा होतो. लहान तुकड्यांसाठी जर्मन सुतारांनी ‘फ्रिट्झ आणि फ्रान्झ’ या विनोदी नावाची दोन ठोकळ्यांची जोडी केली. गाड्याच्या खाचेत बसणाऱ्या या दोन ठोकळ्यांमध्ये तुकडा दाबून धरायचा. माप पक्के राहते आणि दोन्ही हात पात्यापासून लांब राहतात. घरच्या घरी, टाकाऊ प्लायवुडमधून होणारे हे साधन आहे.

पाते थांबवणारे यंत्र

एकविसाव्या शतकाच्या तोंडावर प्रश्न नव्या दिशेने विचारला गेला. हात पात्यावर जाणारच असेल, तर पात्यालाच ते कळेल का? स्टीफन गॅस या अमेरिकी माणसाने भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली होती आणि तो पेटंटचा वकील होता. त्याने १९९९ मध्ये यावर काम सुरू केले. पात्यावर क्षीण विद्युत संकेत ठेवायचा. ओलसर शरीराचा स्पर्श झाला की संकेत बदलतो. त्याबरोबर स्प्रिंगने दाबून ठेवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा सुटून दातांत घुसतो आणि पाते सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबते. बोटावर फक्त ओरखडा येतो. गॅस हे प्रात्यक्षिक सॉसेजवर करून दाखवत असे.

यंत्र बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ही कल्पना घेतली नाही, तेव्हा त्याने ‘सॉस्टॉप’ ही कंपनी काढून २००४ मध्ये स्वतःच करवती विकायला सुरुवात केली. २०१० मध्ये बॉस्टनच्या एका खटल्यात ज्युरीने, असे तंत्र उपलब्ध असताना ते न वापरलेली करवत सदोष ठरवून जखमी कामगाराला १५ लाख डॉलर देवविले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा यंत्रणेच्या सक्तीचा विचार २००३ पासून अनेक वर्षे चालवला. पेटंट एकाच्या हाती असताना सक्ती करणे म्हणजे त्याची मक्तेदारी कायद्याने घडवणे, असा विरोधकांचा आक्षेप होता. आयोगाच्याच अंदाजानुसार तिथे दिवसाला सुमारे दहा माणसांचे बोट किंवा हाताचा भाग टेबल करवतीवर तुटत होता.

सरकत्या टेबलाच्या करवतीत हे संरक्षण वेगळ्या वाटेने आले. ऑस्ट्रियाच्या फेल्डर कंपनीने २०१९ मध्ये हात पात्याजवळ धोकादायक वेगाने येताच पाते टेबलाखाली ओढून घेणारी यंत्रणा दाखवली. मिंडेनच्या आल्टेनडॉर्फने २०२१ मध्ये कॅमेऱ्याने हात ओळखून पाते खाली नेणारी यंत्रणा आणली. दोन्हींत पाते मोडत नाही आणि काम लगेच पुढे सुरू करता येते. रायव्हिंग नाइफच्या इतिहासातून या शोधकांनी घेतलेला धडा इथे स्पष्ट दिसतो. काम अडवणारे साधन माणूस काढून ठेवतो. म्हणून साधनाने कामाच्या आड येताच कामा नये.

बोटांचा दर

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात, त्याच्या पुढच्या दुरुस्त रूपात, शरीराच्या अवयवांचा एक तक्ता आहे. कोणता अवयव गेल्यावर कमाईची शक्ती किती टक्के घटली असे धरायचे, ते त्यात लिहिले आहे. अंगठा ३० टक्के. संपूर्ण तर्जनी १४. तर्जनीची दोन पेरे ११, एक पेर ९. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे ५० टक्के. लोखंड्यांच्या निवेदनातली ती विसरलेली मागणी अखेर या तक्त्यापर्यंत आली होती. तो वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याने एक मोठी गोष्ट केली. बोटाला किंमत आहे आणि ती कोणीतरी मोजायची आहे, हे मान्य केले.

मोजणारा मात्र सगळीकडे पोहोचला नाही. कारखाने कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या जागेला लागू होता. सात-आठ माणसांची सुतारशाळा त्याच्या बाहेर पडे. नव्या घरांत फर्निचरचे काम चालते तिथे तर प्लायवुडच्या टेबलाला उलटी बसवलेली हातकरवत हीच टेबल करवत असते. तिला ना आच्छादन, ना रायव्हिंग नाइफ. जर्मनीत भरपाईचा खर्च मालकांच्या संघावर पडला, म्हणून संघाने निरीक्षक पाठवले. आपल्याकडे छोट्या जागेतल्या बोटाचा खर्च बहुतेक वेळा बोटाच्या मालकावरच पडतो.

यावर कॅमेऱ्याची करवत हा आजचा उपाय नाही, तिची किंमत छोट्या कारखान्याला झेपणारी नसते. पण १९२२ च्या नियमांतली पोलादी पाती, पाच कापांची परीक्षा, मागे खेचलेली फेन्स आणि टाकाऊ प्लायवुडचे दोन ठोकळे, यांना जवळपास काहीच खर्च येत नाही. मिस्त्रींना हे ‘सुरक्षितता’ म्हणून सांगितले तर ते हसतील. त्यांनी चाळीस वर्षे असेच काम केले आहे. कडेवरचा डाग जाईल आणि दार नीट बसेल, असे सांगितले तर ते ऐकतील.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर पुन्हा त्या कारखान्यात गेलो. माळेतला सुकलेला झेंडू अजून यंत्रावर होता. पात्यामागे ती चंद्रकोर बसवलेली दिसली. मी मिस्त्रींना विचारले तेव्हा त्यांनी त्या मुलाकडे बोट दाखवले. “यानं लावली. एकदा सागाची फळी फाडताना लावून बघितली म्हणाला. डाग येईना, गाडाही हलका चालतोय. म्हटलं, राहू दे मग.” ज्या बोटाने ते दाखवत होते, ते दुसऱ्या पेरापाशी संपत होते.